पाथरवेळचा उजवा कौल

चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं, फाटकापुढचं डांबर मऊ पडलं होतं, आणि तिथेच एक बाई रेनकोट विकत बसली होती. भाड्याने हवा असेल तर तोही मिळत होता. काही वर्षांपूर्वी कुणी भर उन्हाळ्यात असं दुकान मांडलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. आता मात्र तिवरकडा अभयारण्याच्या फाटकावर रांग लावलेल्या मोटरसायकलवाल्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं. आत घाटवाटेवर दोन धबधबे बाराही महिने कोसळत होते आणि त्यांच्या तुषारांत भिजायला पुण्या-कोल्हापुरापासून माणसं येत होती. शेजारच्या कांदाभजीच्या गाडीवर रेनकोटापेक्षा जास्त गर्दी होती, हे वेगळं सांगायला नको.

हर्षदा गुरव रांगेत थांबली नाही. तिच्या गाडीवर पाणधर प्रकल्पाचा निळा पट्टा होता, तो पाहून पहारेकऱ्याने आडवा बांबू वर केला. मागे तिचे वडील बसले होते. बबन गुरवांना सारी वसाहत तात्या म्हणे, मुलगीही तात्याच म्हणे. मांडीवर चाफ्याच्या फुलांची परडी आणि एका हातात नारळाची पिशवी धरून ते अवघडून बसले होते. त्यांची स्वतःची पेट्रोलची गाडी फाटकाबाहेर ठेवावी लागली होती, कारण अभयारण्यात फक्त बॅटरीच्या मुक्या गाड्यांना परवानगी होती. तेवढ्यावरून त्यांची सकाळपासून कुरकुर चालू होती. आवाज नाही तर गाडी चालू आहे की बंद, हे माणसाला कळावं कसं, असं त्यांचं म्हणणं. हर्षदा हसली आणि तिने वळण घेतलं.

आज पाथरवेळच्या वाघजाईची जत्रा होती. गाव तर कधीच उठलं होतं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा घरं सोडून सगळ्यांना खाली माळावरच्या वसाहतीत आणून बसवलं. देवी मात्र हलली नाही. ती मूर्ती नव्हतीच, डोंगराच्या पोटाला टेकलेला तांदळा होता, म्हणजे नाक-डोळे नसलेली शेंदूर माखलेली उभी शिळा. तिला उचलणार कोण आणि कशी? मग दर चैत्रात गावकरीच तिच्याकडे येत, नैवेद्य दाखवत आणि एकच प्रश्न विचारत: आई, आम्ही परत येऊ का?

उत्तर कौलाने मिळे. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने चाफ्याची एकेक पाकळी चिकटवायची आणि सगळ्यांनी वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाव उठल्यापासून दर वर्षी डावी पडत आली होती. शिळेची डावी बाजू दरीकडे होती, तिकडून वारा येई आणि ती आधी सुके, हे कॉलेजात असतानाच हर्षदाच्या लक्षात आलं होतं. तात्यांना ते सांगायची छाती मात्र झाली नव्हती.

यंदाची गोष्ट वेगळी होती. वनखात्यानेच निरोप धाडला होता. आता गावच्या ओढ्याला बारमाही पाणी आहे, तेव्हा जुन्या गावकऱ्यांनी परत यावं, पाहुण्यांसाठी घरं बांधावीत, धबधबे पाहायला आलेल्यांना भाकरी-पिठलं घालावं आणि सुखाने राहावं. अट एकच, सगळ्यांचा होकार पाहिजे. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आई सांगेल तसं.

वाटेत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, हर्षदाने गाडी थांबवली. कातळावर हिरवट, काचेसारखा चमकणारा थर पसरला होता. हेच पाणधर. या सड्यावरच्याच एका शेवाळापासून पुण्याच्या एका संस्थेने प्रयोगशाळेत ते वाढवलं होतं. सब्जाचं बी भिजवल्यावर जसं फुगतं तसं ते पावसाचं आणि धुक्याचं पाणी पिऊन फुगायचं, आणि मग आठ महिने थेंबथेंब सोडत राहायचं. त्यावरच दोन्ही धबधबे उन्हाळ्यात चालत. उन्हाशिवाय ते जगत नाही, म्हणून कातळाच्या वरच राहतं, खाली उतरत नाही, असं संस्थेने लिहून दिलं होतं. थरात ठोकलेल्या खुंट्या ओल मोजत. त्यांच्यावरून फिरून सगळं ठीक आहे ना ते बघायचं, हे हर्षदाचं काम. तिने मनगटावरच्या पडद्यावर पाहिलं. सगळ्या खुंट्या हिरव्या होत्या.

"तुझ्या सब्जानं गाव वसतंय बघ," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. लहानपणापासून हर्षदाने या माणसाला दर जत्रेनंतर दोन दिवस गप्प बसलेलं पाहिलं होतं.

पुढे उतारावर धबधब्यांचा आवाज आला. गावच्या बायकांनी त्यांना सासूधार आणि सूनधार अशी नावं कधीकाळी ठेवली होती. सूनधार बारीक, कड्याला चिकटून खाली येणारी. सासूधारेचा गडगडाट मात्र देवळापर्यंत ऐकू जाई. तिच्या पुलावर पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या, लोक ओरडत, भिजत होते. तुषारांतून गाडी काढताना हर्षदाचा चेहरा ओला झाला. आज तिलाही मनापासून बरं वाटत होतं.

देवळाच्या अंगणात वसाहतीतली सगळी माणसं आधीच जमली होती. देऊळ म्हणजे शिळेवर घातलेलं पत्र्याचं छप्पर. मागे सरळ उभा डोंगर, पुढे जुन्या घरांची जोती. हिराकाकी, म्हणजे तात्यांची थोरली भावजय, आपल्या घराच्या जोत्यावर पदर पसरून बसली होती आणि पोरींना इथे चूल होती, इथे जातं होतं, असं दाखवत होती. वसाहतीचे सरपंच सर्जेराव शेळके तर जागेची मापंच घेऊन आले होते. कौल अजून लागायचा होता, पण माणसांनी मनातल्या मनात घरं बांधली होती.

तात्यांनी आंघोळ करून ओल्या पंच्यानिशीच देवीला पाणी घातलं. दोन पाकळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं. अंगण चिडीचूप झालं. सासूधारेचा आवाज तेवढा येत होता.

फार वेळ थांबावं लागलं नाही. उजवी पाकळी सरकली आणि पायरीवर पडली.

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग सर्जेराव खाली बसले आणि त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. हिराकाकी रडत होती आणि हसत होती. रीत म्हणून तात्यांनी कौल पुन्हा लावला. पुन्हा उजवी पडली. तात्या तसेच हात जोडून उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

हर्षदा पाकळी उचलायला वाकली ती केवळ आठवण म्हणून जपून ठेवायला. पाकळी बुळबुळीत लागली. तिने शिळेच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मागच्या कातळाच्या भेगेतून पाण्याचा एक बारीक ओघळ येत होता आणि नेमका पाकळीच्या जागेवरून उतरत होता. चैत्रात ही शिळा कोरडी ठणठणीत असायची. लहानपणी तिने इथे उन्हात पाठ शेकली होती. तिने ओघळात बोट बुडवलं, अंगठ्याला लावलं आणि दोन्ही बोटं हळूच लांब केली. एकतारी पाकासारखी तार आली.

तिने मोबाईलचा उजेड भेगेत टाकला. आत, जिथवर उजेड पोचत होता तिथवर, पांढरट, रंग नसलेलं पाणधर दाटलं होतं. सड्यावरचं हिरवं होतं, त्याला ऊन लागत होतं. हे अंधारात जगायला शिकलं होतं. वरून इथपर्यंत अख्खा डोंगर आतून फुगला होता आणि ज्या खुंट्या हिरव्या दिसत होत्या त्या वरच्या वीतभर थरापलीकडे काही मोजतच नव्हत्या.

ती अंगणाच्या कडेला गेली आणि संस्थेतल्या डॉक्टर नगरकरांना फोन लावला. नगरकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, उन्हाशिवाय ते जगूच शकत नाही, तेव्हा तुम्ही बघताय ते दुसरं काहीतरी शेवाळ असेल. पडदा त्यांच्याही समोर होता आणि तो हिरवाच होता. महिनाअखेरीस नमुने घ्यायला माणूस पाठवतो, असं त्यांनी कबूल केलं. हर्षदाने तारेचं सांगितलं, भेगेचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले की जत्रेच्या गर्दीत उगाच घबराट करू नका. तिने फोन ठेवला आणि आपल्या अधिकारात फाटकावर कळवलं की आज आणखी कुणाला आत सोडू नका, पुलावरच्यांना परत पाठवा. त्याबद्दल नोकरी जाईल हे तिला ठाऊक होतं, पण त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

तोवर अंगणात नवीनच बेत ठरला होता. आईने बोलावलंय, मग रिकाम्या हाताने परत कशाला जायचं? आजची रात्र इथेच आईच्या पायाशी काढायची, उद्या सकाळी जोती साफ करायला घ्यायची. बायकांनी तीन दगड मांडून चुली पेटवल्याही होत्या.

हर्षदाने तात्यांना देवीच्या मागे नेलं आणि भेग दाखवली. कौल पाण्याने पाडला, हे तिने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकलं. त्यांना राग आला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"डाव्या अंगाला वारा लागतो म्हणून डावी पडायची, हे मला ठावं न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "वारं हुतं तवाबी आईच हुती. आता पाणी हाय, तरीबी आईच हाय. तिनं कशानं सांगावं, ते तू ठरीवणार?"

"तात्या, हा डोंगर खाली येईल. कधी ते मला सांगता यायचं नाही. आजही येईल."

"मग जाऊन सांग त्यास्नी."

"माझं ऐकणार नाहीत ते. तुम्ही डावा कौल काढा. तुमचं ऐकतील."

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मान खाली घातली. "माझ्या बापानं कौल फिरवला न्हाई," ते म्हणाले. "मीबी फिरवायचा न्हाई. एवढं एक सोडून काय बी माग, पोरी."

मग तिनेच लोकांना सांगितलं. डोंगर आतून भिजलाय, तो जड झालाय, त्याला धरून ठेवणारी माती बुळबुळीत झालीय, असं साध्या शब्दांत सांगितलं. लोकांनी मध्ये न बोलता ऐकलं. शेवटी सर्जेराव उठले. ते चांगले माणूस होते, टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"बाई, पाणी तुमीच आणलं," ते म्हणाले. "आमी हात जोडलं तुमास्नी. आता त्याच पाण्याला भ्या म्हणताय. आमी ऐकायचं तरी कुणाचं? कालच्या हर्षदाचं का आजच्या?"

हिराकाकीने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि उन्हाने डोकं तापलं असेल, लिंबाचं सरबत घे, म्हणाली. चुलींचा धूर वर चढत होता. कुणीतरी जोत्यावरचं गवत उपटायला सुरुवातही केली.

हर्षदाने हात जोडून एकच मागितलं. कौल तीनदा लावायची आणि तिसरा खरा धरायची रीत आहे, दोनदाच लागलाय. तिसरा लावू द्या, पण आधी मी शिळा पुसते. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. रीत होती हे खरंच, कुणाला नाही म्हणता येईना. तिने ओढणी काढली आणि शिळेचा उजवा खांदा, भेगेचं तोंड, खालची पायरी, सगळं कोरडं केलं. भेगेत ओढणीचं टोकही कोंबलं. तात्यांनी नव्या पाकळ्या लावल्या. या वेळी गाऱ्हाणं त्यांनी मोठ्याने घातलं नाही, ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

माणसं थांबली. दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. दुपार कलायला लागली होती आणि वारा पडला होता.

आणि मग सासूधारेचा आवाज बारीक झाला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलता बोलता आपला आवाज मोठा वाटायला लागावा तसं झालं. लोकांनी माना वळवल्या. कड्यावरचा पांढरा पट्टा अर्धा झाला होता. पाहता पाहता त्याच्या दोन-तीन दोऱ्या उरल्या, मग तेवढ्याही राहिल्या नाहीत. ओला काळा कातळ तेवढा चमकत राहिला. सूनधार तर आधीच थांबली असावी, तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळीकडे शांतता पसरली. धबधबे बारमाही झाल्यापासून त्या अंगणात अशी शांतता कुणी ऐकली नव्हती.

हिराकाकीने दोन्ही हात जोडले. "आई ऐकतीया," ती हळूच म्हणाली, आणि बाकीच्यांनीही हात जोडले.

सड्यावर पाणधर भरलेलं होतं, ते येतानाच हर्षदाने स्वतः पाहिलं होतं. पाणी संपलेलं नव्हतं. ते कड्यावरून पडायचं सोडून दुसरीकडे कुठेतरी जाऊ लागलं होतं. तिने शिळेकडे पाहिलं. भेगेत कोंबलेली ओढणी हळूहळू लाल होत होती. मागून गढूळ, मातीच्या रंगाचं पाणी येत होतं. टोक फुगलं, सुटलं, आणि लाल ओघळ देवीच्या उजव्या खांद्याकडे निघाला. अजून घटकाभर, आणि उजवी पाकळी तिसऱ्यांदा पडली असती.

तिने तात्यांकडे पाहिलं. तात्या तो लाल ओघळ पाहत होते. मग त्यांनी वर कोरड्या पडलेल्या कड्याकडे पाहिलं, आणि मग लेकीच्या तोंडाकडे. लोकांची पाठ होती, सगळे धबधब्याकडे बघत होते.

तात्या एक पाऊल पुढे झाले. शेंदूर सारखा करावा तसा त्यांनी देवीच्या डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला. पाकळी पायरीवर पडली.

"डावा," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "आई जा म्हणती. आत्ताच्या आत्ता."

माणसांनी वळून पाहिलं. डावी पाकळी पायरीवर होती, उजवी अजून जागेवर होती. कुणी वाद घातला नाही. गुरवाने सांगितलं म्हणजे सांगितलं. सर्जेरावांनी हातातली मापाची फीत गुंडाळली आणि खिशात घातली. चुलींवर पाणी ओतलं गेलं, अर्ध्या कच्च्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या गेल्या. हिराकाकी जोत्यावरून उठेना, तेव्हा दोघींनी तिला धरून गाडीवर बसवलं. जाताना तिने तात्यांकडे एकदाही पाहिलं नाही. मोटरसायकली एकामागून एक वाटेला लागल्या आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

शेवटी हर्षदाची गाडी तेवढी उरली. तात्या मागे बसेनात. तिने दोनदा हाक मारली. ते पायरीपाशी उभे होते, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून.

"हर्षदा," ते म्हणाले, "आज डोंगर आला, तर आईला कळंल मी का केलं ते. पर आलाच न्हाई तर? उद्या न्हाई, औंदा न्हाई, कवाच न्हाई आला तर? तवा ह्या माणसांचं घर मी मोडलं असं हुईल का न्हाई?"

तिने त्यांना हाताला धरून आणलं आणि मागे बसवलं. गाडी वळवली. डोंगराच्या पोटातून काहीतरी जड सरकल्यासारखा आवाज आला, की तिला तसा भास झाला, ते तिला सांगता आलं नसतं. तिने एकदाच मान वळवून कड्याकडे पाहिलं. त्याच्या पायाशी देऊळ होतं, जोती होती, तिच्या आईबापाचं सगळं आयुष्य होतं, आणि पाठीमागे तिचा बाप हुंदके दाबत बसला होता.

हा डोंगर पडावा, की पडू नये? आता तिने हात जोडायचे तरी कशासाठी?